हँडलचा कॉम्प्युटर आणि तीनशे चौरस फुटांचे घर

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरातला दहा वर्षांचा कॉम्प्युटर एका दिवसात म्हातारा ठरला. तो बंद पडलेला नाही. बटण दाबले की सुरू होतो, मुलांचे प्रकल्प टाइप होतात, प्रिंट निघते. पण विंडोज ११ टाकायची तर इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो, आणि आठवी पिढी बाजारात आली २०१७ साली. त्याआधीच्या यंत्रावर नवी विंडोज रीतसर चढत नाही. बँकेचे, परीक्षेच्या फॉर्मचे, पासपोर्टचे काम अशा यंत्रावर किती दिवस करायचे, हा प्रश्न भांडुपच्या टेंभीपाड्यापासून सोनापूरपर्यंत घरोघरी आहे. आमच्याही घरात आहे.

आम्ही घरात सहा जण. दादी, आम्ही दोघे आणि तीन मुले. मोठी मुलगी बारावीला, मधला आठवीत, धाकटी दुसरीत. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवायचे, घरी येऊन प्रश्नपत्रिका काढायच्या, निकालपत्रके भरायची, हे आमचे काम. म्हणजे कॉम्प्युटर घ्यायचा की नाही हा वाद नाही. कोणता घ्यायचा, हाच वाद आहे.

पूर्वी उत्तर सोपे होते. टेबल, त्यावर मॉनिटर, टेबलाखाली सीपीयूचा डबा. मग लॅपटॉप आला, मग टॅब्लेट. आता दुकानांत एक चौथा प्रकार दिसतो. दिसायला मोठ्या मॉनिटरसारखा, पण सीपीयू त्याच्याच पोटात. स्क्रीनला बोट लावून चालतो. आत बॅटरी आहे, मागे उचलायला हँडल आहे, म्हणजे वायर काढून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेता येतो. एचपी कंपनीचे ‘एन्व्ही मूव्ह’ हे त्यातले ठळक उदाहरण. ते २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झाले, २०२४ च्या सुरुवातीला भारतात आले, आणि किंमत सव्वा लाखाच्या घरात. स्क्रीन २३.८ इंच, वजन ४.१ किलो, बॅटरी ८३ वॅट-तासांची, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे एका चार्जिंगमध्ये चार तासांपर्यंत चालणारी. खाली ठेवताच दोन पाय आपोआप बाहेर येतात, उचलले की आत जातात. बिनतारी कीबोर्ड मागच्या खिशात बसतो. मुलांच्या फुफीने हेच यंत्र गेल्या वर्षी घेतले. त्या टेंभीपाड्याला घरी शिकवणी घेतात. त्यामुळे आम्हाला ते फक्त दुकानातल्या उजेडात नाही, चालत्या घरात पाहायला मिळाले.

ही कल्पना नवी नाही, हे आधी सांगायला हवे. १९८१ साली अमेरिकेत ऑस्बोर्न १ नावाचा ‘उचलता येणारा’ कॉम्प्युटर निघाला होता. वजन अकरा किलोच्या आसपास, स्क्रीन अवघी पाच इंचांची, बॅटरी नाहीच. शिलाई मशीन उचलल्यासारखा तो उचलावा लागे. नंतर २०१२-१३ मध्ये विंडोज ८ आली तेव्हा कंपन्यांनी पुन्हा जोर लावला. सोनीचा वायो टॅप २०, डेलचा एक्सपीएस १८, लेनोवोचा २७ इंची होरायझन, एचपीचाच रोव्ह २०. लेनोवोचे धूड आठ किलोंच्या वर आणि बॅटरी जेमतेम दोन तासांची. यांपैकी एकही टिकला नाही. सोनीने तर २०१४ मध्ये वायोचा धंदाच विकायला काढला. हे सांगण्याचे कारण असे की, ज्या प्रकारची यंत्रे एकदा बाजारातून गेली आहेत, त्यात सव्वा लाख घालताना सात-आठ वर्षांनी सुटे भाग मिळतील का, हे ग्राहकाने विचारले पाहिजे. दुकानदार हा विषय काढणार नाही.

मग पुन्हा पुन्हा अशी यंत्रे निघतात तरी का? आमच्या मते त्याचे उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या बंगल्यात शोधू नये. ते आपल्या भांडुपात जास्त स्पष्ट दिसते.

जागेचा हिशेब

झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीतले घर आधी २२५ चौरस फुटांचे असे, नंतर २६९ झाले आणि मुंबईच्या २०१८ पासूनच्या नव्या विकास नियमावलीत ३०० झाले. चाळीतली, डोंगरउतारावरची घरे याहून लहान. आता तीन फूट बाय दोन फुटांचे कॉम्प्युटर टेबल घ्या. ते झाले सहा चौरस फूट. पुढे खुर्ची ओढून बसायला आणखी तेवढीच जागा. बारा चौरस फूट, म्हणजे तीनशेतले चार टक्के, चोवीस तास अडलेले. आपल्या इमारतीत आज चौरस फुटाचा जो भाव चालला असेल त्याने बाराला गुणून पाहा. जो आकडा येईल तो कोणत्याही कॉम्प्युटरच्या किमतीहून मोठा असेल.

शिवाय आपल्या घरातली एकच खोली दिवसभरात पाच-सहा रूपे घेते. सकाळी तिथे मुले झोपलेली असतात, दुपारी दस्तरख्वान पसरते, नमाजच्या वेळी मुसल्ले अंथरले जातात, संध्याकाळी पाहुणे बसतात, रात्री पुन्हा गाद्या. अशा खोलीत टेबल म्हणजे कायमचा पाहुणा. हँडलचा कॉम्प्युटर मात्र काम झाले की कपाटाच्या कोपऱ्यात किंवा माळ्याच्या फळीवर जातो. फुफीकडे मगरिबनंतर सात-आठ मुले चटईवर बसतात. यंत्र एका बुटक्या चौरंगावर येते आणि शिकवणी संपली की खोली मोकळी. हा फायदा जाहिरातीत कोणी सांगत नाही, कारण जाहिरातीतले घर मोठे असते. आम्ही या यंत्राच्या बाजूने जे काही लिहिणार आहोत त्यात याला पहिला नंबर देतो.

लॅपटॉपही उचलून ठेवता येतोच, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण लॅपटॉपभोवती सात मुले बसू शकत नाहीत. आकडे पाहा. १५.६ इंची लॅपटॉपची स्क्रीन सुमारे १०४ चौरस इंचांची असते, २३.८ इंची स्क्रीन सुमारे २४२ चौरस इंचांची. सव्वादोन पटींहून जास्त. मोबाइलशी तुलना केली तर पंधरा पट. आणखी एक गंमत आम्ही टेप लावून पाहिली. या स्क्रीनची उंची जवळजवळ २९६ मिलिमीटर भरते आणि ए-फोर कागदाची उंची २९७. म्हणजे ए-फोरचे पान जवळजवळ खऱ्या आकारात दिसते आणि शेजारी शेजारी दोन पाने मावतात. एका बाजूला बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ, दुसऱ्या बाजूला आपली प्रश्नपत्रिका. ज्यांना दर सत्राला उर्दू आणि मराठी अशा दोन्ही माध्यमांच्या पाठांतून टिपणे काढायची असतात, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

उर्दूसाठी मोठी स्क्रीन ही चैन नाही. नस्तालीक लिपी डावीकडे उतरत जाते, हर्फ एकमेकांवर चढतात, नुक्ते दाटीने बसतात. लहान स्क्रीनवर ‘ब’, ‘प’, ‘त’, ‘स’ यांचे ठिपके वेगळे काढताना दुसरीतल्या मुलीचे आणि सत्तरीतल्या दादीचे डोळे सारखेच थकतात. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने नस्तालीकसाठी ‘उर्दू टाइपसेटिंग’ हा फाँट दिलेला आहे, तो विंडोज ११ मध्येही मिळतो. मराठीसाठी इन्स्क्रिप्टबरोबर २०१९ पासून उच्चारानुसार टाइप करायचा कीबोर्डही आहे. बोटाने चालणाऱ्या स्क्रीनवर या सगळ्या लिप्यांची बटणे स्क्रीनवरच उमटतात. प्लॅस्टिकच्या कीबोर्डवर उर्दूचे स्टिकर चिकटवण्याचा आणि महिनाभरात ते उखडण्याचा प्रकार संपतो. इनपेजमध्ये वर्षानुवर्षे काम केलेल्यांनी मात्र आपली जुनी फाइल नव्या यंत्रावर उघडते का, हे आधी तपासावे.

सगळ्यांच्या नजरेसमोर

पालक म्हणून आम्हाला या यंत्राचा एक गुण सगळ्यात जास्त आवडला, आणि तो तांत्रिक नाही. तेवीस इंचांची स्क्रीन लपवता येत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि मुलांच्या हातात मोबाइल आला. शाळा उघडल्या, मोबाइल हातातून गेला नाही. चादरीखाली, जिन्यात, बाथरूममध्ये मूल काय पाहते हे कोणत्या आईला कळते? शिक्षक म्हणून आम्हाला वर्गात त्याचे परिणाम दिसतात. मुले वाचतात ते अर्ध्या मिनिटापुरते, ऐकतात तेही तेवढेच. मोठी स्क्रीन घराच्या मधोमध असली की दादी माळ जपता जपता बघते, लहान बहीण डोकावते, अब्बा येता-जाता विचारतात. पाळत ठेवण्यासाठी वेगळी यंत्रणा लागत नाही. तरी प्रत्येक मुलाचे विंडोजमध्ये वेगळे खाते उघडावे, मुलांच्या खात्याला वेळेची मर्यादा घालावी, हे बरे. कॅमेऱ्याला सरकते झाकण आहे, काम नसताना ते बंदच ठेवावे. घर एकाच खोलीचे असते, कोण कोणत्या कपड्यांत मागून जाईल याचा भरवसा नसतो.

पण हाच गुण उलटतोही. हँडल आहे म्हणून यंत्र आतल्या खोलीत जाऊ शकते. एकदा मुलाने ते दार लावून आत नेले की टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरइतकीही शिस्त उरत नाही. फुफीने घरात नियम केला आहे की यंत्र हॉलच्या उंबरठ्याबाहेर जाणार नाही. मग आम्ही त्यांना विचारले, हॉलबाहेर न्यायचेच नाही तर हँडलचे पैसे कशाला दिले? त्या म्हणाल्या, “कपाटात ठेवायला.” आम्हाला उत्तर पटले.

बोटाचे सुख आणि हाताचे दुखणे

टच स्क्रीन मुलांना आणि वडीलधाऱ्यांना लगेच जमते. दादीला माउसचा बाण कुठे गेला हे कधीच सापडत नसे. इथे त्या फोटोवर बोट ठेवतात आणि फोटो उघडतो. रियाधच्या मुलाशी बोलताना त्याचा चेहरा खऱ्या चेहऱ्याएवढा दिसतो, याचे त्यांना फार अप्रूप. नाजिरा शिकणाऱ्या धाकटीला हर्फ बोटांनी मोठा करून पाहता येतो. नकाशा, सूर्यमाला, भूमितीच्या आकृत्या या गोष्टींत बोट उपयोगी पडते.

लिहिण्याच्या कामात मात्र बोटाचा फारसा उपयोग नाही. उभ्या स्क्रीनसमोर हात लांब करून दहा मिनिटे काम केले की खांदा भरून येतो. म्हणून टच हे जोडीला आलेले साधन समजावे, कीबोर्ड आणि माउसची सुट्टी समजू नये. सोबत येणारा कीबोर्ड आटोपशीर आहे. घरात कोणी टायपिंगच्या सरकारी परीक्षेची तयारी करत असेल तर त्याला पूर्ण आकाराचा वायरचा कीबोर्ड वेगळा घ्यावा लागेल. आणि मळलेल्या पिठाचे, तेलाचे हात. स्वयंपाकघरात पाककृती लावून ठेवणाऱ्यांनी बोटाऐवजी कीबोर्डच वापरावा, आणि यंत्र गॅसपासून लांबच ठेवावे. उष्णता आणि तेलाची वाफ दोन्ही बॅटरीच्या आणि पंख्याच्या शत्रू आहेत.

डोळ्यांचे डॉक्टर सांगतात, दर वीस मिनिटांनी वीस फूट लांब वीस सेकंद पाहा. आपल्या घरात वीस फूट लांब भिंतच नसते. खिडकीतून समोरची इमारत पाहावी.

वीज, वजन आणि पावसाळा

८३ वॅट-तास आणि चार तास, म्हणजे तासाला सुमारे २१ वॅट. जुना सीपीयू आणि मॉनिटर मिळून सहज शंभर वॅटच्या आसपास खातात. पूर्ण चार्जिंगला, वाया जाणारी वीज धरूनही, युनिटचा दहावा हिस्सा पुरेसा होतो. बिलातला फरक महिन्याला फार मोठा नाही, पण आहे. मोठा फरक वीज गेल्यावर कळतो. साध्या कॉम्प्युटरला जोडलेला ६०० व्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटे देतो, तीही फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरती. इथे काम चालू राहते. मात्र इंटरनेटचा राउटर बंद पडतोच, हे विसरू नये. कोणत्याही बॅटरीचा कंपनीने सांगितलेला आकडा मंद उजेडाचा असतो. स्क्रीन पूर्ण उजळ करून व्हिडिओ लावला तर कोणतेही यंत्र त्यापेक्षा कमी चालणार. शिवाय तीन-चार वर्षांत लिथियम बॅटरी थकते. तेव्हा यंत्र निकामी होत नाही, वायरवर चालते. पण मग तो साधा कॉम्प्युटर झाला आणि जास्तीचे दिलेले पैसे तिथेच संपले.

४.१ किलो म्हणजे किती? पाच लिटर तेलाचा डबा साडेचार किलोंच्या आसपास भरतो. त्याहून थोडे कमी. हॉलमधून स्वयंपाकघरात नेणे सोपे. तीन जिने चढून नेणे शक्य, पण मोठ्या माणसाने. आठवीतल्या मुलाच्या हातात देऊन जिन्यावर पाठवू नये, काच खाली आली तर सगळेच खाली आले. रांगणाऱ्या मुलाच्या घरात टेबलाच्या कडेलाही ठेवू नये. लोकलमध्ये तर विषयच नको. सकाळच्या गर्दीत भांडुपला फलाटावर उभे राहायची मारामार, तिथे चोवीस इंची काच छातीशी धरून कोण चढणार? हे यंत्र घरातल्या घरात फिरणारे आहे. ‘पोर्टेबल’ या शब्दाने इथे फसायला होते. सुट्टीत कोकणात गावी न्यायचे असेल तर गाडीतून, गादीत गुंडाळून. आखातात जाणाऱ्यांसाठी एवढे सांगतो की विमानात हातातल्या सामानात १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी चालते, ही त्याच्या आत आहे. पण एवढा चौकोन हातातल्या सामानाच्या मापात बसेल का, ते विमान कंपनीला विचारावे.

पावसाळ्यात मात्र हँडलचे महत्त्व पटते. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईतल्या तळमजल्यावरच्या घरांत टेबलाखालचे सीपीयू पाण्याखाली गेले, कारण वायरी सोडवून ते उचलायला कोणालाच वेळ मिळाला नाही. चाळीत, उतारावर, नाल्याकाठी राहणाऱ्यांना हे सांगायला नको. कागदपत्रांच्या पिशवीबरोबर एका हाताने उचलून माळ्यावर टाकता येणारा कॉम्प्युटर ही तिथे लहान गोष्ट नाही. मुलांचे दाखले, आजाराचे रिपोर्ट, लग्नाचे फोटो सगळे त्यातच असते. (एक प्रत बाहेरच्या पेनड्राइव्हवर ठेवावीच.) दमट हवेत आठ-आठ दिवस कपाटात बंद ठेवू नये, अधूनमधून चालू करावे.

बिघडले तर

सगळ्यात मोठी उणी बाजू ही. सुट्या कॉम्प्युटरमध्ये मॉनिटर गेला तर मॉनिटर बदलतो, रॅम कमी पडली तर रॅम घालतो, एसएमपीएस जळला तर हजार-पंधराशेत नवा येतो. भांडुपच्या गल्लीतला कारागीरही हे करतो, आणि नाही जमले तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचे, लॅमिंग्टन रोडवर जगातला प्रत्येक स्क्रू मिळतो. हँडलच्या कॉम्प्युटरमध्ये सगळे एका चौकटीत बसलेले. रॅम बोर्डावरच पक्की असते, नंतर वाढवता येत नाही. त्यामुळे घेतानाच १६ जीबीचे घ्यावे, पाच-सात हजार वाचवायला ८ जीबीचे घेऊ नये. काच फुटली तर काच, टच आणि पॅनेल मिळून बदलावे लागते आणि वॉरंटी संपल्यावर त्याचा खर्च एका नव्या साध्या लॅपटॉपच्या जवळ जाऊ शकतो. पडण्या-फुटण्याचे नुकसान साध्या वॉरंटीत येत नाही, त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. उचलण्यासाठीच घेतलेल्या यंत्राला ते घेणे शहाणपणाचे. आणि यंत्र दुरुस्तीला गेले की घरातला एकमेव कॉम्प्युटर गेला, परीक्षेचा महिना असो की नसो.

पैसे कुठून आणि कसे

सव्वा लाख एकदम काढणे शिक्षकाच्या घराला सोपे नाही. दुकानात पहिला शब्द निघतो तो ‘नो कॉस्ट ईएमआय’. वाचकांनी हा शब्द नीट समजून घ्यावा. बहुतेक योजनांत बँक व्याज लावतेच. दुकान किंवा कंपनी तेवढी रक्कम किमतीत सूट म्हणून देते आणि बेरीज जुळते. स्टेटमेंटवर व्याजाची ओळ असते, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा, वर प्रोसेसिंग फी. रिझर्व्ह बँकेनेच २०१३ मध्ये बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते. व्याजापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांनी सही करण्याआधी आपल्या भरवशाच्या आलिमांना कागद दाखवावा. दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नये.

आमच्याकडे मार्ग जुनाच आहे, बीसी. इमारतीतली बारा घरे, दरमहा पाच हजार, नंबर लागला की साठ हजार हातात. ना व्याज, ना फी. घरातल्या मोठ्या खर्चाची आमची मर्यादा गेली कित्येक वर्षे ही बीसीच ठरवते. सव्वा लाख म्हणजे दोन बीसींहून जास्त.

आणि इथे मुलीचा प्रश्न येतो. जूनमध्ये ती कॉलेजला जाईल. तिला रोज पाठीवरच्या बॅगेत घालून नेता येईल असे यंत्र लागणार आहे, घरात फिरणारे नाही. सव्वा लाखाचे एन्व्ही घेतले तर तिचा लॅपटॉप आणखी दीड वर्ष मागे जातो. तिने आम्हाला एवढेच विचारले, “मोठी स्क्रीन दादीला हवी आहे की आपल्याला?” दादी समोरच बसल्या होत्या. म्हणाल्या, “मला नातवाचा चेहरा दिसला की झाले, कशातही दिसू दे. पोरीला कॉलेजचे बघा.”

मग आम्ही हिशेब मांडला. पन्नास हजारांच्या आतला, पावणेदोन किलोच्या आसपासचा १६ जीबीचा लॅपटॉप. घरी आल्यावर तो एचडीएमआयच्या वायरने जोडायला आठ-नऊ हजारांचा २४ इंची मॉनिटर, भिंतीवर टांगलेला, म्हणजे टेबलही नको. दोन्ही मिळून एका बीसीत बसतात. स्क्रीन तेवढीच मोठी. बोटाने चालणार नाही, जागेवरून हलणार नाही, वीज गेली की मॉनिटर बंद आणि लॅपटॉप चालू. दोनपैकी एक बिघडले तरी दुसरे हातात. आमच्या घरासाठी आम्ही हेच ठरवले आहे.

फुफीचे गणित वेगळे आणि तेही बरोबर. त्यांचे यंत्र घराबाहेर जात नाही, ते कमाईचे साधन आहे, समोर दररोज सात-आठ मुले बसतात आणि रात्री खोली मोकळी हवी असते. ज्या घरात शिकवणी आहे, शिवणकामाचे किंवा मेंदीचे नमुने गिऱ्हाइकाला दाखवायचे आहेत, किंवा अंथरुणाला खिळलेले कोणी आहे ज्यांच्यापर्यंत स्क्रीन न्यावी लागते, त्या घराने हँडलच्या कॉम्प्युटरचा जरूर विचार करावा. शेवटच्या कारणासाठी तर आम्ही किंमत बाजूला ठेवून सांगू. ज्या घरात कॉलेजला जाणारे मूल आहे आणि यंत्र एकच घेता येणार आहे, त्यांनी घेऊ नये. आणि ज्यांच्याकडे टेबलाला जागा आहे व यंत्र तिथून हलणारच नाही, त्यांनी बॅटरी-हँडलचे पैसे वाचवून साधा ऑल-इन-वन किंवा सुटा कॉम्प्युटर घ्यावा.

घ्यायचे ठरलेच तर दुकानात घाई करू नका. घरातली जी व्यक्ती ते रोज उचलणार आहे तिलाच बरोबर न्या, आणि तिच्या हातात देऊन दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला सांगा. सेटिंगमध्ये उर्दू आणि मराठी कीबोर्ड चालू करवून दोन ओळी स्वतः टाइप करा, नस्तालीक नीट बसते का पाहा. जवळचे सर्व्हिस सेंटर कोणते आणि कारागीर घरी येतो का, हे बिलावर लिहून घ्या. मग दुकानदाराला चार्जरची वायर काढायला सांगा, स्क्रीन पूर्ण उजळ करून एखादा व्हिडिओ लावा, बॅटरीचा आकडा कागदावर टिपा आणि खाली जाऊन चहा पिऊन या. अर्ध्या तासाने परत येऊन आकडा पुन्हा पाहा.